पांढरं राखणाऱ्यांचा दिवस

पहाटे साडेपाच

हौदाचं झाकण सकाळी कोणी उघडायचं, हे या घरात ठरलेलं आहे. तो मान आजोबांचा. आता त्यांना छपाईचा ठसा उचलवत नाही, जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. पण हौदाजवळ पहिले तेच जातात. हौद म्हणजे जमिनीत उतरवलेली चौकोनी टाकी, पुरुषभर उंचीहून खोल. वर फेस साचलेला असतो, तांबूस झाक मारणारा गडद निळा. आजोबा तो काठीनं हलकेच बाजूला सारतात आणि वाकून खालचं पाणी बघतात. ते निळं असून चालत नाही. पिवळट हिरवं हवं. निळं दिसलं, तर त्या दिवशी रंगकाम नाही.

याचं कारण साधं आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. नुसती कालवली तर कापडावर बसेल आणि पहिल्या धुण्यात निघून जाईल. म्हणून हौदात चुना आणि हिराकस घालून तिचं रूप बदलायचं, म्हणजे ती पिवळी होऊन विरघळते, धाग्यात शिरते आणि हवेत आली की तिथल्या तिथे पुन्हा निळी होऊन कायमची अडकते. आता बरेच कारखाने या कामासाठी तयार रसायनं वापरतात. या घरात एक हौद अजून चुना-हिराकशीचा आहे. त्याचा गाळ जड असतो. आदल्या संध्याकाळी ढवळायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरचं निवळ पाणी वापरायचं. दिवसाचं सगळं वेळापत्रक त्या गाळानं ठरवलेलं आहे.

हे घर दक्षिण हंगेरीत आहे. गावाचं नाव लिहीत नाही. केकफेश्तो, म्हणजे निळीचे रंगारी, यांचे चालू कारखाने त्या देशात बोटांवर मोजण्याइतके उरलेत. गाव सांगितलं की पत्ता सांगितल्यासारखंच होईल. घरात आजोबा, त्यांचा मुलगा म्हणजे सध्याचे मालक, सूनबाई आणि बुडापेस्टला शिकून परत आलेली नात. मी पाहुणी. कामाला हात लावायची परवानगी मला मिळाली ती फक्त खळीच्या बादलीपुरती.

सहा

कापड आधी चढवायचं. लोखंडी कड्याला आतून ताऱ्यासारख्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर आकडे. कापडाची एक किनार वरच्या कड्याच्या आकड्यांत, दुसरी खालच्या कड्याच्या, मध्यापासून बाहेर गोल गोल जात. दोन वेढ्यांमध्ये बोटभर फट राहिलीच पाहिजे. एक वेढा दुसऱ्याला चिकटला, तर तिथे नीळ पोचणार नाही आणि डाग पडेल. मालक आणि त्यांची मुलगी हे काम समोरासमोर उभं राहून, न बोलता करतात. आकडे सुतात घुसताना टक् टक् आवाज येतो तेवढाच.

हे कापड कोरं नाही. त्यावर मळकट हिरव्या रंगाची, हाताला खरखरीत लागणारी नक्षी आहे. ती छापून दोन आठवडे होत आले. ही नक्षी म्हणजे रंग नव्हे, रंगाला केलेली मनाई.

साडेसहा ते दहा

कप्पीवरून कडं खाली जातं. अख्खं कापड बुडतं. दहा-पंधरा मिनिटं काही दिसत नाही. मालक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात, पण मला वाटतं, सवयीनं. वेळ त्यांना हाडांत कळते.

मग कडं वर येतं, आणि जे पाहायला लोक लांबून येतात ते घडतं. कापड पिवळट हिरवं असतं. मिनिटाभरात गवती, मग मोरपंखी, आणि कडांकडून आत निळं होत जातं. मालक लाकडी दांड्यानं कडं ठोकतात, म्हणजे वेढे सुटे होऊन सगळीकडे हवा लागेल. हवेत जितकं थांबायचं ते थांबून झालं की पुन्हा खाली. मग पुन्हा वर.

असं किती वेळा, हे कापड कोणासाठी आहे यावर. दोन-तीन बुडव्यांत आकाशी. सात-आठ झाले की जवळपास काळं वाटावं असं निळं. पूर्वी हे निळं वयाप्रमाणे गडद होत जायचं. नव्या नवरीच्या घागऱ्यावर मोठी, उघडी फुलं. लेकरं मोठी झाली की नक्षी बारीक. म्हातारपणी आणि शोकात गडद जमिनीवर मोहरीएवढे ठिपके, तेही विरळ. बाजारात समोरून बाई आली की ती कुठल्या गावची, किती वयाची, घरात नुकतं कोणी गेलंय का, एवढं तिच्या घागऱ्यावरून कळायचं. काही कापडांवर दोन्ही बाजूंना वेगवेगळी नक्षी छापत, म्हणजे एका घागऱ्याच्या पैशात दोन घागरे. पुरुषांच्या वाट्याला बिननक्षीचं निळं एप्रन. द्राक्षमळ्यांतले गडी ते रोज कमरेला बांधत.

‘हंगेरीची लोककला’ म्हणून प्रदर्शनांत हे कापड मांडतात, तेव्हा एक गोष्ट बाजूला पडते. हे घरोघरी चुलीपाशी बसून केलेलं काम कधीच नव्हतं. हा पक्का धंदा होता. रंगाऱ्यांचे संघ, त्यांचे नियम, शिकाऊ उमेदवारांची वर्षं, मग उमेदवारी संपली की पाठीवर गाठोडं टाकून गावोगावच्या उस्तादांकडे भटकत शिकण्याची सक्ती. या भटकंतीतच नक्षी, कृती आणि माणसं सरहद्दी ओलांडून आली. पापा या गावातलं क्लुगे घराणं सॅक्सनीहून आलेलं. 1786 पासून त्यांनी तिथे नीळ घातली आणि 1956 पर्यंत ते चाललं. त्या कारखान्यात 1962 पासून संग्रहालय आहे, हौदांसकट. युनेस्कोनं 2018 मध्ये ही कला वारशाच्या यादीत घेतली तेव्हाही ती एकट्या हंगेरीच्या नावावर नाही घेतली. ऑस्ट्रिया, चेकिया, जर्मनी, स्लोव्हाकिया आणि हंगेरी अशी पाच देशांची मिळून ती नोंद आहे.

मग यात हंगेरियन ते काय? माझं उत्तर असं, की नीळ बाहेरची, सूत बाहेरचं, उस्ताद बऱ्याचदा जर्मन. पण कुठली नक्षी टिकायची आणि कुठला ठसा माळ्यावर पडायचा, हे बाजारात बोटांनी कापड चाचपणाऱ्या हंगेरियन, स्वाबियन जर्मन आणि स्लोव्हाक शेतकरी बायकांनी ठरवलं. लोककलेतले ‘लोक’ म्हणजे त्या बायका. रंगारी नव्हेत.

तिसऱ्या आणि चौथ्या बुडव्याच्या मध्ये आजोबांनी मला नातीमार्फत विचारलं, “तुमच्याकडे अजून पिकते का?” नीळ, हे न सांगता कळलं. मी म्हटलं, तमिळनाडूत थोडी पिकते. चंपारणबद्दल सांगावं की नाही, असा क्षणभर विचार केला, मग सांगितलं: गोऱ्या मळेवाल्यांनी शेतकऱ्यांच्या चांगल्या जमिनीत सक्तीनं नीळ लावून घेतली, आणि 1917 मध्ये गांधी तिथे गेले ते त्याचसाठी. त्याच्याही आधी, 1859 मध्ये, बंगालचे शेतकरी या पिकावरून उठले होते. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या वेळी नीळ पेटीतून वड्यांच्या रूपात यायची, आणि पुढे जर्मनीहून डब्यांत यायला लागली. तारखा जुळतात. तिथल्या बाडिश (म्हणजे बीएएसएफ) कारखान्यानं 1897 मध्ये प्रयोगशाळेतली नीळ बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातल्या निळीची निर्यात ढासळली. या हौदातही आज प्रयोगशाळेतलीच आहे. रेणू एकच, ‘अस्सल’ की ‘नकली’ हा वाद रंगाऱ्यांनी कधी घातला नाही, तो हल्ली ग्राहक घालतात.

आमच्याकडे निळीचे रंगारी होते का, हेही त्यांनी विचारलं. होते. नगर-सोलापूरकडचे निराळी हेच काम करत. आजोबांनी त्यांचा हौद किती खोल असायचा हे विचारलं. मी मडक्यांबद्दल वाचलं होतं तेवढं सांगितलं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

दहा

छपाईची खोली वर आहे, आणि तिथे आवाज वेगळा. लांब टेबलावर जाड लोकरीचं अंथरूण, त्यावर ताणलेलं मांजरपाट. हे कापड आदल्या आठवड्यात उकळून, गिरणीची खळ काढून, पुन्हा हलकी खळ देऊन गुळगुळीत केलेलं. खरखरीत सुतावर बारीक ठिपका बसत नाही.

टेबलाशेजारी एक उथळ पेटी, वर ताणलेलं कापड, त्यावर लेप पसरलेला. या लेपाला ते पाप म्हणतात. मराठी कानाला हसू येतं. मी हसले, आणि मग का हसले ते समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. लेपात बाभळीच्या जातीचा डिंक, पांढरी चिकणमाती आणि मोरचूद असतं. आणखी काय काय असतं आणि किती, ते प्रत्येक घराचं स्वतःचं. मालकांनी मला डब्यांच्या चिठ्ठ्या वाचू दिल्या, वजनकाटा मात्र बघू दिला नाही. योग्यच केलं.

लेपाचं काम दुहेरी. माती आणि डिंक निळीला धाग्यापर्यंत पोचू देत नाहीत, हे एक. आणि जी थोडी नीळ पुढे सरकते तिला मोरचूद जागच्या जागीच निळी करून टाकतं, म्हणजे ती विरघळलेली राहत नाही आणि सुतात शिरू शकत नाही. पहारेकरी आणि त्याच्यामागे दुसरा पहारेकरी. या दोघांच्या भरवशावर कापड आठ-आठ वेळा हौदात उतरतं आणि नक्षीपुरतं पांढरं राहतं.

ठसे नाशपतीच्या लाकडाचे. तोंडाला नाशपती, मागे दुसऱ्या लाकडाचे थर आडवे-उभे चिकटवलेले, म्हणजे ओलीनं वाकत नाहीत. मोठी पानं-फुलं लाकडातच कोरलेली. पण बारीक ठिपके आणि नाजूक वेली लाकडात टिकत नाहीत, म्हणून तिथे पितळी तारा आणि पत्र्या ठोकून बसवतात. एखाद्या ठशात अशा तारा शेकड्यांनी असतात. चार कोपऱ्यांत चार टोकं. मागच्या ठशानं सोडलेल्या बिंदूवर पुढच्याचं टोक बरोबर टेकलं, की नक्षी अखंड दिसते.

मुलगी ठसा लेपावर टेकवते, जरा फिरवते, कापडावर कोपरा धरते, बाकीचा भाग टेकवते आणि वर मुठीनं ठोकते. धप्. पुन्हा लेप. पुन्हा कोपरा. पहिल्या रांगेत तिनं एकदाही मोजपट्टी वापरली नाही. कोपऱ्यात एक जुनं यंत्रही उभं आहे, परोटीन. फ्रान्समधल्या रुआँच्या पेरो नावाच्या माणसानं 1834 मध्ये बनवलेल्या जातीचं. लांब पट्टीसारखे ठसे त्यात अडकवले की यंत्र स्वतःच लेप घेऊन छापतं. मोठी मागणी असली की ते सुरू करतात आणि घर हादरतं. परोटीनवर छापलेलं कापड ‘हातचं’ म्हणायचं का, हा प्रश्न पर्यटक विचारतात. यंत्र जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या कल्पनेचं, तेल घालणारा माणूस, लेप कालवणारा माणूस. मला तो प्रश्न रिकाम्या वेळेचा वाटतो.

खरी अडचण वेगळीच आहे. ठसे करणारे राहिले नाहीत. कपाटातले ठसे तीन-तीन पिढ्यांचे. एखादी तार तुटली की मालक स्वतः चिमट्यानं नवी बसवतात, आणि एखाद्या ठशाला चीर गेली की ती नक्षी नमुन्यांच्या वहीतच राहते. ती वही मी पाहिली. पानापानांवर कापडाचे चौकोन चिकटवलेले, खाली आकडे. पूर्वी गावोगावच्या बाया घरी विणलेलं कापड घेऊन यायच्या, वहीतला आकडा सांगायच्या, कापडाला आकड्याचा बिल्ला शिवला जायचा आणि तोच आकडा त्यांच्या हातात. पुढच्या जत्रेत बिल्ला दाखवून आपलं कापड न्यायचं.

वहीत पिवळ्या आणि हिरव्या नक्षीचेही चौकोन आहेत. त्यासाठी लेपात शिशाचा क्षार घालून नंतर क्रोमियमच्या पाण्यात कापड घालत. पांढऱ्या जागी पिवळं, आकाशीवर हिरवं. युरोपात त्या क्षारांवर कडक बंधनं आल्यापासून हे घर निळं आणि पांढरं एवढंच करतं. आजोबांना हळहळ वाटते. सूनबाईंना अजिबात नाही. त्या पाण्यात घातलेले हात त्यांनी पाहिलेत.

छापलेलं कापड छताजवळच्या काठ्यांवर जातं. लेप पुरता कडक व्हायला हवा, त्याला दिवस लागतात, दमट हवेत आठवडे. घाई केली तर हौदात तो सुटतो आणि फुलाच्या जागी निळा गिचका उरतो.

साडेबारा

जेवण. लेचो, म्हणजे ढोबळी मिरची, टोमॅटो आणि कांदा पाप्रिका घालून शिजवलेला, बरोबर पाव. उन्हात बरणीत आंबवलेल्या काकड्या. बोलणं सगळं पावसाचं.

दोन

दुपारचं काम माझ्या मते सगळ्यात कमी पाहिलं जातं आणि सगळ्यात जास्त पाहण्यासारखं आहे. कालचं रंगवलेलं कापड वाळलेलं आहे, पण ते सुंदर नाही. सगळीकडे निळं, नक्षीच्या जागी निळसर राखाडी पोपडे. एवढं पाहून कोणी विकत घेणार नाही.

ते सौम्य गंधकाम्लात घालतात. रबरी हातमोजे, लांब बूट, दार उघडं. आम्लात लेपातलं मोरचूद आणि सुतात बसलेला चुना विरघळतो, पोपडे सुटतात, आणि गढूळ पाण्याखालून पांढऱ्या वेली वर येतात. मग भरपूर पाणी, पुन्हा पाणी. पापा गावातला जुना कारखाना ओढ्याकाठी आहे तो याचसाठी. आता नळ आणि निचऱ्याच्या टाक्या आहेत, कारण आम्ल आणि तांबं ओढ्यात सोडता येत नाही, सोडूही नये.

मालक ओलं कापड उजेडात धरून बोटानं एक-एक रांग तपासतात. पांढरं कुठे निळसर झालंय का, एवढंच ते बघतात. निळ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. निळं हौद करतो.

साडेतीन

खळ. इथे माझी बादली. बटाट्याची खळ पातळ, कोमट. कापड बुडवून पिळायचं आणि माळ्यावर टांगायचं. वाळलं की मँगलवर. हे यंत्र म्हणजे दगडांनी भरलेली भलीमोठी लाकडी पेटी, कापड गुंडाळलेल्या रुळांवरून पुढेमागे सरकणारी. पूर्वी ती घोड्याच्या बळावर चाले. आता मोटर आहे. पेटी जाते-येते आणि कापडाला चकाकी चढते. घागऱ्याच्या चुण्या या चकाकीवरच उभ्या राहत. जुन्या ग्राहक बायकांना चालताना घागऱ्याचा आवाज यावा लागे, असं सूनबाई सांगत होत्या. आताच्या ग्राहकांना मऊ हवं असतं, म्हणून अर्ध्या मालाला खळच देत नाहीत. माझी बादली त्यामुळे लवकर रिकामी झाली.

साडेचार

दुकान सूनबाईंचं. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, पोरींचे फ्रॉक, पुरुषांचे शर्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर खासगी कारखान्यांवर सरकारचा बडगा आला, कित्येक बंद झाले, आणि गावातल्या बायकांनी दरम्यान घागरे सोडून दुकानातले कपडे घातले. ग्राहकच गेला. तो परत आला शहरातून. 1972 पासून बुडापेस्टमध्ये ‘तांत्सहाझ’ सुरू झाले, म्हणजे खेडोपाडीचे नाच शहरी तरुणांनी एकत्र जमून नाचायचे. त्या पोरांना आजीच्या कपाटातले कपडे हवे झाले. आज निम्मा माल कलाकार, नाचाचे संघ आणि शिंपी नेतात. वीस ऑगस्टच्या सुमारास बुडाच्या किल्ल्यावर कारागिरांची मोठी जत्रा भरते. वर्षाची खरी कमाई त्या चार दिवसांत.

दुपारी एक जोडपं आलं होतं. बाईंनी टेबलक्लॉथ उलटून पाहिला आणि ऑनलाइन असाच पाव किमतीत मिळतो म्हणाल्या. सूनबाईंनी वाद घातला नाही. कापडाचा कोपरा उलटा करून दोन्ही बाजू दाखवल्या. छापलेल्या नकलेला मागची बाजू फिकट असते. हौदातल्या कापडाला उलटसुलट सारखंच निळं. बाईंनी तो घेतला नाही. एक हातरुमाल घेतला.

साडेपाच

हौदाला जेवण घालायची वेळ. मालक चुना मोजतात, आजोबा हिराकस. नीळ बारीक वाटून भिजवलेली. लांब दांड्यानं तळापासून ढवळायचं. सकाळी ज्याला धक्का लागू दिला नाही तो गाळ आता सगळा वर येतो, मातकट पिवळा, लोखंडाचा वास मारणारा. नात म्हणते, बाबा, हाही हौद तयार रसायनावर नेऊ या, अर्ध्या तासात कामाला लागेल, ढवळायला नको की रात्रभर थांबायला नको. मालक म्हणतात, दुसरा हौद आहे ना तसा. आजोबा काहीच म्हणत नाहीत, कारण दांडा त्यांच्या हातात नाही आणि त्याचाच त्यांना राग आहे.

मग ती ऑफिसात जाऊन बुडापेस्टच्या एका शिंप्याचा निरोप वाचते. त्याला जत्रेसाठी वीस मीटर हवंय, बारीक मोत्यांच्या ओळीची नक्षी, गडद. कधी मिळेल? ती कॅलेंडर बघते: छपाई उद्या, वाळणं, रंग, आम्ल, खळ. तीन आठवडे, असं लिहिते.

“चार लिही,” आजोबा हौदाजवळून ओरडतात. “पाऊस आहे.”

ती चार लिहिते.